रुईचं खोकं

१

खोकं उघडलं तेव्हा रीताताईंच्या हातात मोबाइल होता आणि चेहऱ्यावर फोटोसाठी आणलेलं हसू होतं. हात खाली आला. हसू मात्र विसरल्यासारखं तसंच राहून गेलं. खोक्यात एकही गुलाबी वस्तू नव्हती. होती ती रुई. पांढरीशुभ्र, पिंजलेली, थरावर थर लावलेली रुई.

"हे काय आहे?" रीताताईंनी विचारलं. कोणाला विचारलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

चंद्रपूरच्या जुन्या परकोटाच्या आत, एका अरुंद गल्लीत 'सोबत' ही संस्था होती. स्तनाच्या कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या बाया गडचिरोलीकडच्या गावांतून यायच्या. त्यांच्या राहण्याची, दवाखान्यात नेण्या-आणण्याची सोय संस्था करायची. रीता कोतपल्लीवार तिच्या सचिव. यंदा मुंबईच्या एका कंपनीने कापडी कृत्रिम स्तन दान म्हणून पाठवले होते. ऑपरेशननंतर रिकाम्या झालेल्या बाजूला, पोलक्याच्या आत ठेवायचे. संस्थेतल्या बाया त्यांना नुसतं 'उशा' म्हणत. ऑक्टोबर म्हणजे जनजागृतीचा महिना. रविवारी सभागृहात कार्यक्रम होता आणि एका पुढाऱ्याच्या पत्नीच्या हस्ते या उशा मंचावर वाटायच्या होत्या. आज शुक्रवार उजाडला होता.

दीपिका मडावी बाजूला उभी राहून हे पाहत होती. ती पोलिसात सहायक उपनिरीक्षक; गेल्या वर्षी तिचंही ऑपरेशन झालं होतं. रीताताईंना फोटोत वर्दीतली 'योद्धा' हवी होती म्हणून तिला बोलावलं होतं. मागच्या कार्यक्रमाच्या वेळी बसस्टँडवर तिचा मोठा फ्लेक्स लागला होता. तेव्हापासून तिचा दूधवाला तिच्या पायांकडे बघून बोलत असे. तरी ती आली. या संस्थेचे तिच्यावर उपकार होते, आणि नाही म्हणणं तिला वर्दीत असतानाच तेवढं जमायचं.

"कपाटाची किल्ली कोणाकडे असते?" तिने विचारलं.

"आफ्रीनकडे. फक्त आफ्रीनकडे."

आफ्रीन शेख ही संस्थेची कंत्राटी समुपदेशक. बायांना आजार समजावून सांगणं, त्यांचं ऐकून घेणं हे तिचं काम. खोकं उघडलं तशी तिचा चेहरा रुईसारखाच पांढरा पडला होता. मग ती खाली वाकली, रुईचा वरचा थर तिने बोटांनी जरासा उचलून पाहिला, परत ठेवला. सरळ उभी राहिली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची भीती गेलेली होती. तिच्या जागी एक प्रकारचा हट्ट होता.

"दीपिकाताई, ठाण्यात नका नेऊ हे," रीताताई म्हणाल्या. "घरच्या घरी बघा. पण रविवारपर्यंत उशा आणि चोर दोन्ही मिळाले नाहीत, तर आफ्रीनला मी ठेवू शकणार नाही. ट्रस्टी मला ठेवणार नाहीत."

आफ्रीनने गळ्यातली किल्ली काढली आणि टेबलावर ठेवून दिली.

२

"तू घेतल्यास?"

"नाही."

"कोणी घेतल्या?"

"माहीत नाही."

"अंदाज?"

"अंदाज सांगायचा पगार नाही मिळत मला, ताई," आफ्रीन म्हणाली. पण म्हणताना तिने ताईचा हात धरला, म्हणजे तिखटपणा दीपिकासाठी नव्हता.

"नोकरी जाईल आफ्रीन."

"जाईल."

"घरी म्हातारे अब्बा आहेत तुझे."

"आहेत. चहा घेता का?"

पोलिसातल्या इतक्या वर्षांत दीपिकाने खोटं बोलणारे पुष्कळ पाहिले होते. ते फार बोलतात. जी माणसं अशी चहावर येऊन थांबतात, ती सहसा स्वतःचं काही लपवत नाहीत. दुसऱ्याचं लपवतात. पण कोणाचं?

तेवढ्यात दारात सुनिल उगवला. गुलाबी कुर्ता, गळ्यात गुलाबी रुमाल. दुसऱ्या एका पुढाऱ्याचा हा कार्यकर्ता. त्यांचा कार्यक्रम शनिवारी बल्लारपूरला होता.

"रीताताई कुठी हाय? मॅडम, तुम्हीच सांगा आता. पेटी एक दिवस आमाले द्या म्हणून कालपासून फोन करून राह्यलो. आमचे भाऊ वाटतीन, फोटो होईन, परत आणून देतो. तुमच्या रविवारी तुम्ही वाटा."

"एकदा वाटलेल्या परत घ्याल?"

"बायाइले सांगून ठेवू ना, स्टेजवरून उतरल्यावर देऊन द्या म्हणून." सुनिलला यात काहीच वावगं वाटलं नाही. "ते अपोझिशनवाले एवढं करून राह्यले, आमच्या भाऊंनी काऊन मागं राहावं? आमची तर गुलाबी स्कूटर रॅली पण हाय."

"रॅलीत बाया किती?"

"बाया?" सुनिल जरा विचारात पडला. "त्याइले गाडी कोण देते, मॅडम?"

आफ्रीन फस्सकन हसली. दीपिकालाही हसू आलं, आणि हसता हसता तिने सुनिलचं नाव मनातल्या मनात खोडलं. पेटी ज्याच्याकडे असते तो पेटी मागायला गुलाबी रुमाल बांधून भरदिवसा येत नाही. आणि रीताताईंनी पेटी गेल्याचं अजून कोणालाच कळू दिलं नव्हतं. या गड्याला खोकं अजून कपाटातच आहे असं वाटत होतं.

उरला लटारू. त्यानेच आपल्या टेम्पोतून रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून खोकं आणलं होतं.

"मी आणलं, आफ्रीनबाईच्या हाती देल्लं, तिनं कपाटात ठेवलं. संपलं," लटारू म्हणाला. आपला रुमाल तो एकसारखा झटकत होता.

"वजन कसं होतं?"

"हलकं. दोन्ही खेपेले सारखंच हलकं—" लटारू थांबला. रुमालही थांबला.

"दोन्ही खेपेला?" दीपिका म्हणाली. "एक खोकं तू दोनदा कसं उचललंस, लटारूभाऊ?"

३

"गाडीत मानूस बसून हाय," असं म्हणून लटारू निघून गेला. गाडी रिकामी होती.

दीपिका खोक्याशी येऊन बसली. संस्थेत उतरलेली गुणाबाई तिच्या शेजारी उकिडवी बसली. एटापल्लीकडच्या जंगलातलं तिचं गाव. वयाने म्हातारी, अंगाने काटक. तिच्या पिढीच्या बाया पोलकं घालत नसत. लुगड्याचा पदरच छातीभोवती घट्ट ओढून घ्यायच्या, आणि गुणाबाई शहरात येऊनही तशीच राहत होती. दीपिका तिच्याशी गोंडीत बोलायची. पण दीपिकाची गोंडी शाळेत गेल्यावर सुटलेली होती, म्हणून गुणाबाई तिच्यावर दया करून मराठीत यायची.

"तुले मिळणार होती का उशी?" दीपिकाने विचारलं.

"मले देऊन राह्यली होती ते रीताबाई. मी म्हटलं, माय, पोलकंच नाई तर ठेवू कुठी? डोक्याखाली?" गुणाबाई तोंडभर हसली. "तुमाले शहरात लपवाले लई गोष्टी लागते. आमच्या इथी सारे जाणते का गुणाबाईचं एक कापलं. विचारते, दुखते का? मी म्हणतो, नाई. मंग मोहफुलं वेचाले चाल म्हणते. झालं."

दीपिकाला आपला फ्लेक्स आठवला. तिच्या स्वतःच्या पोलक्यात होती तशीच एक फोमची उशी. पंधरा ऑगस्टला सलामीला हात वर नेला तेव्हा ती सरकून गळ्याच्या हाडापर्यंत आली होती, आणि सबंध राष्ट्रगीत तिने हनुवटीने ती दाबून धरून काढलं होतं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला नुसता फुगा. संध्याकाळपर्यंत मान आणि पाठ भरून यायची.

"हे रुई चांगली हाय गं," गुणाबाई म्हणाली. तिने खोक्यात हात घातला होता. "कचरा नाई, काडी नाई. असी रुई कोन टाकून जाते?"

दीपिकाने मान वळवली.

खरंच, कोण टाकून जातं? खोकं भरल्यासारखं वाटावं म्हणून चोराने काहीही कोंबलं असतं. रद्दी, चिंध्या, गवत. ही रुई पिंजलेली होती, निवडलेली होती, घड्या मोडू नयेत अशी मांडलेली होती. चोर दुसऱ्याचा माल नेतो; स्वतःचा चांगला माल मागे ठेवून जात नाही. ज्याला परत यायचं असतं, तोच आपली वस्तू अशी जपून ठेवतो.

तिने खोक्याचं झाकण पाहिलं. चिकटपट्टीवर दुसरी चिकटपट्टी लावलेली होती. म्हणजे खोकं एकदा उघडून परत बंद केलेलं होतं; आणि लटारूच्या दोन खेपा धरल्या, तर ते कपाटात यायच्या आधीच. किल्लीचा याच्याशी काही संबंधच नव्हता.

ती उठून बाहेर आली. लटारूचा टेम्पो अजून कोपऱ्यावरच होता आणि लटारू त्यात बसून आभाळाकडे बघत होता.

"भाऊ," दीपिका म्हणाली, "मी पोलीस म्हणून नाही विचारत. सांग."

"रीताताईनं बजावलं होतं मॅडम, कुठीच ठेवू नको म्हणून." लटारूचा आवाज बसला. "बुधवारी आलो तं इथी कुलूप. आफ्रीनबाई या गुणाबाईले घेऊन दवाखान्यात. मंग मी तेच केलं जे सारी गल्ली करते. गॅसची टाकी असो का मुलाचं दप्तर, घरी कोनी नसलं तं सारे तिथीच ठेवते. त्याइले सांगितलं, शनिवारी नेतो. पण दुसऱ्या दिवशी, बेस्तवारी इकून जाऊन राह्यलो होतो, कुलूप उघडं दिसलं, तं दुकानात कोनी नसताना उचललं अन् आणून देल्लं."

"कुठे ठेवलं होतंस?"

लटारूने बोट वर केलं. संस्थेच्या अगदी समोर, रस्त्याच्या पलीकडे, हाफिजभाईंचं गादी-रजईचं दुकान होतं.

४

शनिवारी सकाळी दुकानात रुईचे कण उन्हात तरंगत होते. थंडीची चाहूल लागली होती. रजयांचा हंगाम सुरू व्हायचा होता. हाफिजभाईंनी दीपिकाला एका अर्धवट शिवलेल्या गादीवर बसवलं आणि हॉटेलातल्या पोऱ्याला चहा सांगून घाईघाईने पंखा लावला. पंख्याने सगळी रुई उडाली. त्यांनी पंखा बंद केला.

"खोकं ठेवलं होतं खरं," ते म्हणाले. "लटारू ठेवून गेला, लटारू घेऊन गेला. आम्ही कोणाच्या सामानाला हात लावत नाही मॅडम. आमच्या वालिदांच्या वेळेपासून गल्ली इथं सामान ठेवते."

"मला माहीत आहे भाई. भाभी कशा आहेत?"

"अल्लाचा शुक्र आहे. मागं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं नागपूरला. आता बरी आहे."

कमरजहाँभाभी आतल्या बाजूला रजईला टाके घालत होत्या. दीपिकाला पाहून त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे घेतला आणि हसल्या. मग वरच्या फळीवरची दोऱ्याची रिळं काढायला उठल्या. डावा हात फळीपर्यंत सहज गेला. उजवा डोक्यापर्यंत जाऊन अडला. त्यांनी तो तसाच सोडून दिला आणि अंग वळवून डाव्या हातानेच दुसरं रीळ घेतलं. डाव्या हातात हिरव्या बांगड्या किणकिणत होत्या. उजव्या हातात एकही बांगडी नव्हती.

दीपिकाची नजर त्यांच्या मागच्या भिंतीवर गेली.

भिंतीवर खडूच्या छोट्या छोट्या रेघा होत्या. कापड आखायच्या निळ्या खडूच्या. कमरेच्या जरा वर एक, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. अशा चढत चढत डोक्यापर्यंत गेलेल्या. खालच्या रेघांमध्ये बोटभराचंच अंतर होतं. मुलांची उंची मोजल्यासारख्या दिसत होत्या. पण हाफिजभाईंची मुलं केव्हाच मोठी होऊन हैदराबादला गेली होती, आणि रेघा ताज्या होत्या.

तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, फ्रीजच्या बाजूला अशाच रेघा होत्या. पेन्सिलीच्या. भिंतीला लागून उभं राहायचं, त्या बाजूच्या हाताची बोटं कोळ्यासारखी भिंतीवर चढवत न्यायची, दुखेल तिथे थांबायचं आणि खूण करायची. दुसऱ्या वेळी खुणेच्या वर जायचं. दवाखान्यातल्या बाईने शिकवलं होतं. काखेतल्या गाठी काढल्या की हात वर जात नाही, म्हणून. आणि त्या हाताला दाब नको, सूज येते, म्हणून बांगड्याही घालायच्या नसतात.

पित्ताशय काढल्यावर कोणी बोटांनी भिंत चढत नाही.

चहा आला. दीपिकाने तो घोट घोट करून प्यायला. तिला सगळं कळलं होतं आणि तिचा जीव मात्र हलका व्हायच्या ऐवजी जड झाला होता. आफ्रीन कोणासाठी गप्प होती ते आता उघड होतं. समुपदेशकाने ऐकलेलं बाहेर सांगायचं नसतं. आफ्रीनला वाचवायचं तर हे नाव सांगावं लागणार होतं.

"भाई," ती म्हणाली, "भाभींशी जरा बायकांचं बोलायचं होतं."

५

हाफिजभाई बाहेर गेले. दीपिकाने काहीच विचारलं नाही. ती भिंतीपाशी गेली, आपली उजवी बोटं खालच्या रेघेवर ठेवली आणि चढवत वर नेली. सगळ्यात वरच्या रेघेच्या थोडी अलीकडे तिचा हात थांबला.

"तुम्ही माझ्या पुढे आहात, भाभी."

कमरजहाँभाभींनी तिच्या हाताकडे, मग त्या रेघेकडे पाहिलं. मग खाली बसल्या.

"तुमचा तर फोटू पाहिला होता मी. बसस्टँडवर," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी ठरवलं, मरून जाईन पण सांगणार नाही."

"इतका वाईट होता फोटो?"

"फोटू छान होता हो. पण तुम्ही पोलीस. तुम्हाला कोण काय बोलणार? आमचं हे दुकान. लोक रजई अंगावर घेऊन झोपतात, बाळाला लपेटतात. ह्या बीमारीवालीच्या हातची रजई कोण घेईल? लागते म्हणतात लोक. माझी सगी नणंद माझ्या ताटात जेवली नाही. म्हणून यांनी पित्ताशय सांगितलं सगळ्यांना."

"आणि खोकं?"

"कोपरा फाटला होता. गुलाबी दिसलं. आफ्रीननं सांगितलं होतं मुंबईहून येणार म्हणून. म्हटलं, बघू तरी, विकतची कशी असते. मी तर माझी मीच शिवली होती." त्यांचा आवाज एकदम चढला. "काढून हातात घेतली, तर फुगा! नुसता फोम. वरून साटीन, वरून रिबन. ही ठेवून बाई काय करेल? वाकली तर पडेल, हात उचलला तर वर येईल. रुई पण अशीच, हलकी. मी आधी रुईच भरली होती ना. मान धरली, कंबर धरली. मग जवस भरून पाहिला."

"जवस?"

त्यांनी उठून, दीपिका बसली होती त्या अर्धवट गादीचा शिवणीचा दोरा ओढला. आत, सुपातल्या अंड्यांसारख्या, गुलाबी उशा दाटीवाटीने बसल्या होत्या. त्यांनी एक उचलून दीपिकाच्या तळहातावर ठेवली.

ती तळव्यात बसली. खरंच बसली. आतले गुळगुळीत दाणे जरा घरंगळले आणि हाताच्या खळग्यात शरीरासारखे स्थिरावले.

"लटारू शनिवारी नेतो म्हणाला होता. तोवर सगळ्या भरून होतात, म्हटलं. कोणाला कळलंही नसतं. खोकं बसू नये म्हणून तेवढीच रुई आत ठेवली. हाताला सवय असते, जेवढं काढलं तेवढं घातलं. माझी चांगली रुई, परत काढून घेणार होते. अन् हा बेस्तवारीच घेऊन गेला!"

"आफ्रीन आली होती?"

"कालच. रुई तिनं ओळखली. म्हणाली, काही नाही झालं, कोणी विचारत नाही, तुम्ही आरामात शिवा."

दीपिकाने डोळे मिटले. नोकरी जात असताना पोरगी इथे येऊन हे सांगून गेली होती.

"भाभी," ती म्हणाली, "मी तुमचं नाव कोणाला सांगणार नाही. ठाण्यात नाही, रीताताईंना नाही. पण चोरीचा आळ आफ्रीनवर आहे. उद्या सकाळी तिला काढतील."

कमरजहाँभाभींच्या हातातली सुई तशीच राहिली.

६

रविवारी सकाळी ऑफिसात रीताताई, आफ्रीन, सुनिल आणि चहाचे कप होते. सुनिल उगाच आला होता. त्याच्या भाऊंची रॅली झाली होती आणि त्याला करमत नव्हतं.

दीपिकाने सगळं नीट मांडलं. खोकं कपाटात यायच्या आधीच रिकामं झालं होतं, हे दुहेरी चिकटपट्टीवरून. रिकामं करणाऱ्याला ते परत भरायचं होतं, हे जपून ठेवलेल्या रुईवरून. खोकं पूर्वीइतकंच भरलं, हे ज्या हातांना वजनाची सवय आहे त्यांचंच काम. "म्हणजे ही चोरी नाही. उशा दुरुस्तीला गेल्या होत्या. आज परत येतील. आफ्रीनने काहीही केलेलं नाही."

"दुरुस्ती? नव्या कोऱ्या वस्तूंची? कोणी केली?" रीताताई म्हणाल्या.

"ते मी सांगणार नाही."

"मग मी ट्रस्टींना काय सांगू? पोलीसबाई म्हणाल्या म्हणून?" रीताताई वाईट नव्हत्या. घाबरल्या होत्या. "नाव नाही तर आफ्रीनचंच नाव राहील, दीपिकाताई. मला दुसरं लिहिता येणार नाही."

"लिहा माझंच," आफ्रीन म्हणाली आणि पर्स उचलली.

तेव्हा बाहेर गल्लीत काहीतरी झालं. आवाज झाला असं नाही. उलट असलेले आवाज थांबले. सगळे दाराकडे बघू लागले.

कमरजहाँभाभी रस्ता ओलांडून येत होत्या. डोक्यावर नव्या रजईच्या खोळीचं गाठोडं होतं आणि ते त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं. उजवा हातही वर होता, दुखत असणार. मागून हाफिजभाई अनवाणी धावत आले होते आणि दारापर्यंत येऊन थांबले.

गाठोडं टेबलावर उतरलं.

"मी नेल्या होत्या," भाभी म्हणाल्या. "पित्ताशय नव्हतं. हेच होतं. या पोरीला काही म्हणू नका."

सुनिलने गळ्यातला रुमाल हळूच काढून खिशात घातला. रीताताईंनी एक उशी उचलली. तळहातावर ठेवली. दुसरा तळहात शेजारी रिकामाच धरला. दोन्ही हात खालीवर केले. त्यांना हा आजार झाला नव्हता. कंपनीच्या फोटोत उशा सुंदर दिसल्या होत्या, एवढंच त्यांना माहीत होतं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"या धुवायच्या कशा?" त्यांनी शेवटी विचारलं.

"आत वेगळी थैली आहे," भाभी घाईघाईने म्हणाल्या. "जवसाची. ती काढून ठेवायची. वरचं धुवायचं. अन् कोणाला जड वाटली तर दाणे कमी करायचे, मी करून देईन. प्रत्येकीचं वेगळं असतं ना."

"हो," रीताताई म्हणाल्या. "प्रत्येकीचं वेगळं असणार." त्यांनी टेबलावरची किल्ली उचलून आफ्रीनच्या गळ्यात घातली आणि किल्ली सरळ करायच्या निमित्ताने जरा वेळ तिथेच उभ्या राहिल्या. माफी मागणं त्यांना जमत नसे. आफ्रीनला ते माहीत होतं.

आतल्या खोलीतून आलेल्या गुणाबाईने एका उशीला कान लावला, हलवली. "जवस! चटनी मस्त होईन गं याची."

दुपारी मंचावर भाषणं झाली, गुलाबी फुगे सुटले. उशा मात्र मंचावर आल्या नाहीत. रीताताईंनी पाहुण्यांना नम्रपणे सांगितलं की वाटप मागच्या खोलीत, पडद्याआड, माप बघून होईल. फोटोवाले नाराज झाले आणि त्यांनी चहाचे फोटो काढले. खोलीत कमरजहाँभाभी सुपात जवस घेऊन बसल्या होत्या. एकेक बाई आत जायची आणि बाहेर येताना नकळत खांदे सरळ करायची. दीपिका सगळ्यांत शेवटी गेली. परतताना तिने कोणी बघत नाही असं पाहून एक कडक सलाम ठोकला. उशी जागची हलली नाही.

७

पण दुकानाचं काय, हा प्रश्न शिल्लक होताच. दीपिका सोमवारी मुद्दाम तिकडे जाऊन बसली.

सकाळ रिकामी गेली. एक गिऱ्हाईक आलं, ते शिवायला टाकलेलं कापड परत मागायला. "घाई नाही, नंतर बघू," म्हणालं आणि कापड काखेत मारून गेलं. हाफिजभाईंनी त्याला पाणी विचारलं. त्याने घेतलं नाही. भाभी आत टाके घालत राहिल्या. ती रजई कोणाची होती देव जाणे.

"होईल, भाई," दीपिका म्हणाली.

"होईल," हाफिजभाई म्हणाले. दोघांनाही खात्री नव्हती.

मग गल्लीच्या टोकाच्या घरातली साक्षी आली. नव्यानेच लग्न होऊन भद्रावतीहून आलेली, अजून सगळ्यांशी लाजत बोलणारी मुलगी. पायरीवर उभी राहून तिने इकडेतिकडे पाहिलं.

"भाभी, रजई पायजे होती. सासूबाईसाठी."

हाफिजभाई ताडकन उठले. "या ना, या! कापड दाखवू? छापील घेता की साधी?"

"कोणतंही चालेल. भाभी, माप... आत येऊन देते ना?" साक्षीचा हात पदराआड काखेपाशी गेला होता.

भाभींनी तिच्याकडे पाहिलं, सुई खोचून ठेवली आणि आतला पडदा बाजूला केला. पडदा पडला.

बराच वेळ गेला. आतून फक्त भाभींचा हलका, समजावणीचा आवाज येत होता. हाफिजभाई छापील कापडाचे तागे मांडून बसले होते.

"कमाल आहे," ते म्हणाले. "रजईचं माप तर पलंगाचं असतं. आत जाऊन काय मोजतात या बाया?"

दीपिकाला कोडं सोडवायला एक क्षणही लागला नाही. ती उठली आणि रस्ता ओलांडून संस्थेच्या दारात गेली.

"आफ्रीन, चल. समोर बोलावलंय."

"कोणी?"

"अजून नाही बोलावलं. बोलावतील."

आफ्रीनने चप्पल घातली न घातली तोच पलीकडून, भर गल्लीत, कमरजहाँभाभींची हाक आली. आवाजात घाई नव्हती, घाबरटपणा नव्हता.

"आफ्रीन, जरा ये गं इकडे! वेळेवर आली आहे पोरगी."